सल्ला हवा : पीएसपीवरचा 'फायनल फँटसी टॅक्टिक्स – द वॉर ऑफ द लायन्स' आज घ्यावा का?

शटलवाला_मडगाव
नमस्कार मंडळी. म्हापशाला वापरलेला पीएसपी ३००० (सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन) मिळतोय, सोबत या गेमची यूएमडी म्हणजे त्याची छोटी डिस्क. खेळणं होणार ते मुख्यतः पणजी-मडगाव शटल बसमध्ये. टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायच्या) लढाया आवडतात, पण या मालिकेतलं काहीच खेळलेलं नाही. गेम फार संथ आहे आणि इंग्रजी जड आहे असं ऐकलं. खरं काय? आणि जुनं मशीन घेताना काय तपासू?

डिचोलीकर
घ्या. मूळ गेम १९९७ चा, प्लेस्टेशनवरचा. २००७ मध्ये पीएसपीवर आला तेव्हा नवं भाषांतर, चित्रपटासारखी कार्टून दृश्यं आणि ओनियन नाइट व डार्क नाइट हे दोन जॉब (पात्रांचे पेशे) वाढले. कथा राजगादीच्या भांडणाची आहे आणि चांगली आहे, पण गेम टिकलाय तो जॉबपद्धतीवर. प्रत्येक पात्र लढाईत केलेल्या कृतीबद्दल जेपी म्हणजे जॉब पॉइंट मिळवतं, त्यातून त्या जॉबची कौशल्यं विकत घेतं, आणि जॉब बदलला तरी ती कौशल्यं त्याच्याकडेच राहतात. म्हणजे नाइटच्या अंगावर चिलखत ठेवून त्याला केमिस्टची औषधं फेकायला लावता येतात. अशी जुळणी करण्यात जो रमतो, त्याला हा गेम महिनोन्‌महिने पुरतो.

सुरुवात अशी करा. सगळ्यांना आधी स्क्वायर या सुरुवातीच्या जॉबवर ठेवा आणि २५० जेपीचं 'जेपी बूस्ट' घ्या. बाकी काहीही त्यानंतर. मग 'फोकस' घ्या. ते स्वतःवरच वापरायचं असतं, त्यामुळे शत्रू लांब असला तरी पाळी फुकट जात नाही, जेपी मिळतच राहतात. पुढे दोघांना केमिस्ट करा. पडलेल्याला उठवणारं 'फिनिक्स डाउन' वापरण्याचं कौशल्य ९० जेपीला मिळतं, ते ताबडतोब घ्या. मार बसला की आपोआप औषध घेणारं ४०० जेपीचं 'ऑटो-पोशन' हे तर अर्ध्या गेमचं चिलखत आहे. एकाने मिळवलेल्या जेपीचा चौथा हिस्सा त्या जॉबपुरता बाकीच्यांनाही मिळतो, म्हणून एकाच जॉबचे दोघं-तिघं एकत्र लढवले तर वाढ पटकन होते.

एक धोका. लेव्हल वाढवत बसू नका. नकाशावर अवचित होणाऱ्या लढायांतले शत्रू तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात, तुमची शस्त्रं मात्र कथा पुढे सरकेल तशीच दुकानात येतात. लेव्हल ३० आणि हातात पहिल्या अध्यायाची तलवार असली की चोकोबो पक्ष्यांचा कळपसुद्धा जड जातो.

तिखट_मिरसांग
डिचोलीकरांशी सहमत, पण नव्या माणसाला मार कुठे बसतो तेही सांगायला हवं.

पहिला फटका डॉर्टर शहरातल्या लढाईत. धनुर्धारी उंचावर, काळे जादूगार खाली. घोळक्याने रस्त्यातून चालत गेलात की संपलात. लोकांना पांगवा, एकाला छपराकडे पाठवा, जादूगार आधी टिपा. शक्यतो पाठीमागून वार करा, मागून ढाल आड येत नाही.

मंत्र टाकताना गेम विचारतो, माणसावर की चौकटीवर? मंत्र पडायला वेळ लागतो, म्हणून आधी पाळ्यांची यादी उघडून बघा. माणसावर टाकलेला मंत्र त्याच्यासोबत फिरतो. तो शत्रू मधल्या वेळात तुमच्या नाइटला येऊन चिकटला तर आग दोघांवर पडते.

पडलेल्या माणसाच्या डोक्यावर ३ चा आकडा येतो. तो शून्य होऊन पुन्हा पाळी आली की त्याचा स्फटिक किंवा पेटी होते आणि माणूस कायमचा जातो. फिनिक्स डाउन ३०० गिलला (गेममधलं चलन) एक, दहाएक कायम जवळ असू द्या.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या अध्यायात रिओव्हानेस किल्ल्यात सलग तीन लढाया आहेत. मधे सेव्ह करता येतं, पण बाहेर पडता येत नाही. दुसरी लढाई तुमचा नायक रॅम्झा विरुद्ध शत्रू वीग्राफ अशी एकास एक सुरू होते. रॅम्झा कच्चा असेल आणि एकुलत्या एका सेव्हवर तुम्ही आतून सेव्ह केलं असेल, तर गेम पहिल्यापासून. म्हणून किल्ल्याबाहेरचं सेव्ह वेगळ्या जागी ठेवा आणि आतलं दुसऱ्या जागी. रॅम्झाला ऑटो-पोशन लावा आणि जवळची साधी पोशनं व हाय-पोशनं विकून फक्त एक्स-पोशनं ठेवा, कारण ऑटो-पोशन आधी स्वस्तातलं वापरतं. ऑटो-पोशनसारखी प्रतिक्रियेची कौशल्यं ब्रेव्हच्या (धैर्याच्या) आकड्याइतके टक्के चालतात, तेव्हा रॅम्झाचा ब्रेव्ह आधी वाढवा. लढाईत वाढलेल्या दर ४ मागे १ कायमचा राहतो. मग 'टेलविंड' स्वतःवर टाकून वेग वाढवत राहिलं की वीग्राफच्या एका पाळीत तुमच्या दोन होतात.

फेथ (श्रद्धेचा आकडा) मात्र बेताने वाढवा. ९५ ला पोचलं की ते पात्र धर्माच्या वाटेने पथक सोडून जातं.

मांडवीतीर
संथपणाबद्दल. चालणं, मेनू, साधे वार सुरळीत आहेत. मंत्र किंवा विशेष कौशल्याचं दृश्य आलं की चित्र रेंगाळतं आणि आवाज त्याच्याशी जुळत नाही. दोष गेमच्या कोडमध्ये आहे. लेन्स पुसून किंवा दुसरी यूएमडी आणून काही फरक पडणार नाही. फार खटकत असेल तर पथकात समनर कमी आणि मंक, निंजा जास्त ठेवा. मंक हा जॉब उघडायला नाइटची जॉब-लेव्हल ३ पुरते.

गेमचा दुसरा दोष असा की चौथ्या अध्यायात ऑर्लांडू हा फार ताकदवान योद्धा पथकात येतो आणि सगळा तोल जातो. त्याच्या एक्सकॅलिबर तलवारीने तो कायम 'हेस्ट'मध्ये (वाढलेल्या वेगात) असतो. आव्हान हवं असेल तर त्याला बाकावर बसवा. डार्क नाइटच्या मागे पहिल्या खेळात लागू नका. तो जॉब मिळवायला नाइट आणि ब्लॅक मेज हे जॉब पूर्ण करायचे, ड्रॅगून, सामुराई, निंजा, जिओमॅन्सर हे चारही लेव्हल ८, शिवाय त्या पात्राने मारलेले २० शत्रू स्फटिक किंवा पेटी व्हायला हवेत. तोवर कथा संपलेली असते. दोघांनी मिळून खेळायच्या मोहिमा एकमेकांशेजारी बसून वायरलेसवरच होतात, इंटरनेटवरून नाही, तेव्हा त्या नाहीतच असं धरून चाला.

इंग्रजी जुन्या नाटकाच्या थाटाचं आहे, खरंच जड जातं. पण ते नियमांच्या आड येत नाही. कुठल्याही शस्त्रावर किंवा कौशल्यावर जाऊन सिलेक्ट दाबलं की सोपी माहिती येते. माणसं आणि घराणी यांचा गोंधळ झाला तर 'क्रॉनिकल'मध्ये प्रत्येकाची ओळख वाचा, घडून गेलेली दृश्यंही तिथे पुन्हा बघता येतात.

कुंभारजुवेकर
मशीनचं माझ्याकडून घ्या.

बॅटरीचं झाकण उघडून बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगलेली आहे, तिच्यासकट घेऊ नका. ३००० ला १२०० एमएएचची बारीक बॅटरी लागते, जुन्या पीएसपी १००० ची जाड १८०० एमएएचवाली त्याच्या झाकणात मावत नाही. चार्जर ५ व्होल्टचा.

मेमरी स्टिक आहे ना बघा. ३००० मध्ये सेव्ह ठेवायला आतली जागा नाही, स्टिक नसेल तर एकही लढाई साठवता येणार नाही. स्टिक प्रो ड्युओ मिळत नसेल तर मायक्रोएसडी बसणारा अडॅप्टर चालतो. दुकानातच नवा गेम सुरू करा, सेव्ह करा, मशीन पूर्ण बंद करून परत लोड करा.

आपल्या दमट हवेत यूएमडीला बुरशी धरते. उजेडात तिरकी धरून पांढरट जाळी दिसते का पाहा. असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून मधून कडेकडे पुसा, गोल नको. चकतीचं पारदर्शक झाकण सुटलंय का तेही बघा. पावसाळ्यात मशीन आणि यूएमडी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात. ॲनालॉग स्टिक सरकत असेल तर भाव पाडून घ्या, हा गेम बाणांच्या बटनांवर पूर्ण खेळता येतो.

बसमध्ये उतरायची वेळ आली की पॉवरचा खटका वर करून लगेच सोडा, मशीन झोपतं आणि लढाई तिथेच थांबते. तीन-चार सेकंद धरून ठेवलात तर ते पूर्ण बंद होतं आणि सेव्हनंतरचं सगळं जातं.

शटलवाला_मडगाव
सगळ्यांना देव बरें करूं! स्टिक नाही असं विक्रेत्याने आत्ताच कळवलं. फोनवर किंवा निन्टेन्डो स्विचवर घेतला तर?

डिचोलीकर
फोनवरच्या आवृत्तीत तो रेंगाळणारा दोष नाही, मजकूर तोच आणि जॉबही तेच. अडचण बोटाची. उंचसखल नकाशावर नेमकी चौकट दाबली जात नाही, हलत्या बसमध्ये तर नाहीच. स्विचवर २०२५ ची 'द इव्हॅलिस क्रॉनिकल्स' आहे. आपोआप सेव्ह, लढाई भरभर चालवायची सोय, तीन काठिण्यपातळ्या. डार्क नाइट, ओनियन नाइट तीत नाहीत. घरात स्विच असेल तर तीच घ्या. नुसत्या या गेमसाठी स्विच घेणार असाल तर पीएसपीच बरा. अडॅप्टर आणि ८ जीबीचं कार्ड आधी हातात येऊ दे, ते घेऊनच म्हापशाला जा आणि त्याच कार्डावर सेव्ह करून बघा.

कुंभारजुवेकर
कार्ड पीएसपीमध्येच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. सेटिंग्ज, सिस्टिम सेटिंग्ज, फॉरमॅट मेमरी स्टिक. 'मेमरी स्टिक घातलेली नाही' असं आलं तर कार्ड काढून अडॅप्टरच्या पत्र्या पुसा. तरीही नाहीच वाचलं तर खराबी मशीनच्या खाचेत आहे का ते विक्रेत्याच्याच एखाद्या स्टिकवर तपासा, आणि ती चालल्याशिवाय पैसे देऊ नका.