लंडनमध्ये गे मित्रांसोबत पहिल्यांदाच ड्रॅग शोला जायचंय, सल्ला हवा

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी लंडनला आलो. इथले माझे सगळ्यात जवळचे दोन मित्र एकमेकांचे जोडीदार आहेत. एक कोल्हापूरचा, दुसरा वेल्सचा. येत्या शनिवारी कोल्हापूरकराचा वाढदिवस आहे आणि रॉयल व्हॉक्सॉल टॅव्हर्न या गे पबमध्ये ड्रॅग शो, म्हणजे भडक स्त्रीवेशातल्या पुरुषांचा नाच-गाण्यांचा शो, बघायला जायचं ठरलंय. मी स्ट्रेट आहे, असा शो कधी पाहिलेला नाही. जाणार नक्की, पण माझ्यामुळे त्याच्या वाढदिवशी कुणी अवघडायला नको. दौलतजादा वगैरे करतात का? स्टेजवरून कुणी टोमणा मारला तर काय करायचं? बायकोलाही यायचंय, तिला न्यावं का?

टेम्सकाठची
बायकोला जरूर न्या, फक्त आधी मित्राला विचारा. कपडे रोजचेच चालतात. पुढे उभे राहिलात तर टोमणा ठरलेलाच, तेव्हा हसून एखादं उत्तर द्या आणि गप्प बसा. कलाकारावर कुरघोडी करायला जाऊ नका, गर्दी तिच्या बाजूची असते.

जर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत एक-एक डॉलरच्या नोटा खिशात घेऊनच जातात. नोट हातात धरायची, क्वीन (म्हणजे ड्रॅग कलाकार) येऊन घेते. अंगात खोचायला जायचं नाही.

टेम्सकाठची
लंडनमध्ये तेवढी पद्धत नाही. पण शो आवडला तर द्या की, मेहनत खूप असते. नुसत्या भुवया गोंदाने चिकटवून झाकायच्या आणि त्यावर नव्या काढायच्या, त्यातच किती वेळ जातो!

सप्तरंगी
मी स्वतः गे आहे, नऊ वर्षं लंडनमध्ये आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जाताय ती जागा साधी नाही. 1987 मध्ये, एड्सच्या भीतीच्या काळात, पोलिसांनी हातात रबरी मोजे घालून तिथे धाड टाकली होती. आत माणसं होती, आणि त्यांना हात लावायला मोजे! तेव्हा लिली सॅव्हेज या रूपात तिथे शो करणारा पॉल ओ'ग्रेडी पुढे ब्रिटिश टीव्हीवरचा लाडका चेहरा झाला. 2015 मध्ये त्या इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी आपण बघे म्हणून जात नाही, पाहुणे म्हणून जातो. लग्नाआधीच्या पार्टीला आलेल्या मुलींचे घोळके पुढची जागा अडवून किंचाळतात, क्वीनचा विग ओढतात, तेव्हा मागे उभे असलेले आम्ही आमच्याच घरात परके होतो.

क्वीन रंगरूपात असेल तोवर 'ती' म्हणा. मराठीत तर क्रियापदच चुगली करतं. 'तो काय नाचला' असं मित्राच्या कानात म्हणालात तर त्याला खटकेल. 'काय नाचली!' म्हणा.

'मी स्ट्रेट आहे हं' असं दर दहा मिनिटांनी सांगू नका. कुणी विचारलं तर सांगा. कुणी नाचायला बोलावलं आणि नको असेल तर 'नको, थँक्यू' पुरतं.

आणि फोटो. हे सगळ्यात महत्त्वाचं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा निकाल 6 सप्टेंबर 2018 ला आपल्या बाजूने लागला, पण कोल्हापुरातल्या आईवडिलांना सांगणं त्या निकालाने सोपं झालेलं नाही. तुमच्या सेल्फीच्या मागे तो जोडीदाराच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा असेल आणि तो फोटो तुमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरत कुठे पोचेल ते सांगता येत नाही. मागच्या अनोळखी लोकांचंही तेच. विचारल्याशिवाय काही टाकू नका.

वेंगुर्लेकर
लहानपणापासून जत्रेत दशावतार बघत आलोय, त्यामुळे पुरुषाने साडी नेसण्याचं मला अप्रूप नव्हतं. पण फरक आहे. आपल्याकडचा स्त्रीपार्टी पुरुष आहे हे विसरायला लावतो. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा तर बायका उचलायच्या. ड्रॅगमध्ये सगळं मुद्दाम वाढवलेलं, पापण्या, केस, नितंब. 'बाईसारखी दिसत नाही' म्हणून नाक मुरडू नका, तसं दिसणं हा तिचा हेतूच नसतो.

कृष्णाकाठचा
जाऊन आलो. मित्राला आधी विचारलं, तर तो म्हणाला, 'वहिनी नाही आल्या तर तूही येऊ नकोस.' आम्ही बाजूच्या भिंतीला टेकून उभे होतो. तरीही क्वीनने गाठलंच आणि माझ्या शर्टावरून सगळ्यांसमोर सोलून काढलं. मी हसून नमस्कार केला, तिने उलटा नमस्कार केला. मध्ये एक संथ गाणं झालं, तेव्हा दोघं हात धरून उभे होते. इतक्या दिवसांत त्यांना बाहेर कुठे असं बघितलं नव्हतं. सप्तरंगी, तुम्ही लिहिलेलं तेव्हा समजलं.

रात्री घरी केक कापला. बायकोने फोटो फक्त केकचा काढला. तो त्याने सकाळी आईला पाठवला.