एक फंक्शन बदललं तर नेमक्या कुठल्या टेस्ट बघायच्या?

नवखा_डेव्ह:
पायथॉनचा जुना प्रोजेक्ट गळ्यात पडलाय, टेस्ट हजारोंनी, सगळ्या चालवायच्या तर ४० मिनिटं जातात. कुठलं फंक्शन कुठल्या टेस्टमध्ये येतं ते मी ग्रेप (फाइल्समध्ये शब्द शोधायची कमांड) मारून शोधतोय पण अर्ध्या टेस्टची नावं ‘नवीन २’, ‘फायनल चेक’ असली, आणि लिहिणारे कधीच सोडून गेलेत. कव्हरेज (टेस्ट चालताना किती कोड चालला ते मोजणारं टूल) ८५ टक्के म्हणतं, पण ती ओळ चालवली कुणी ते कुठे सांगतं?

रात्रपाळी:
सांगतं की, विचारावं लागतं फक्त. कव्हरेज डॉट पायमध्ये ५.० पासून, म्हणजे २०१९ पासून, डायनॅमिक कॉन्टेक्स्ट आहेत, म्हणजे कुठली ओळ कुठल्या टेस्टने चालवली त्याची नोंद. पायटेस्ट-कव्ह (पायटेस्टमधून कव्हरेज मोजणारं प्लगइन) वापरत असशील तर कव्ह-कॉन्टेक्स्टला ‘टेस्ट’ दे आणि एचटीएमएल रिपोर्टमध्ये शो-कॉन्टेक्स्ट्स चालू कर, मग प्रत्येक ओळीला ती चालवणाऱ्या टेस्टची नावं दिसतात. फंक्शनच्या डेफवाल्या ओळीवर जाऊ नको हां, ती बहुतेक वेळा इम्पोर्ट होतानाच चालून जाते, आतल्या ओळी बघ.

जुनं_खोड:
वरचं बरोबर आहे पण चालली म्हणजे तपासली असं नाही ना. आमच्याकडे सवलत काढायचं एक फंक्शन होतं, यादीत तीसेक टेस्ट, मी मुद्दाम ‘पेक्षा जास्त’चं ‘जास्त किंवा समान’ केलं तर एकही टेस्ट पडली नाही, कारण सगळ्यांचा असर्ट, म्हणजे शेवटची तपासणी, एकच, स्टेटस २०० (रिक्वेस्ट यशस्वी) आला का! तेव्हा यादी मिळाली की कोड थोडा मोडून बघ, जी टेस्ट पडेल ती खरी त्या कोडची. हाताने कंटाळा आला तर मटमट आहे, म्युटेशन टेस्टिंगचं, म्हणजे कोड आपोआप असा मोडून बघायचं टूल, पण ते निवांत चालतं, एका मॉड्यूलवरच सोड.

नवखा_डेव्ह:
भारी, रिपोर्ट निघाला. लॉगिनच्या हेल्परसमोर जवळजवळ सगळ्याच टेस्ट आल्यात 😅 आता बदललेल्या कोडपुरत्याच टेस्ट आपोआप चालवता येतील का?

रात्रपाळी:
पायटेस्ट-टेस्टमॉन लाव, ते हेच करतं. फक्त बदल पायथॉन कोडमध्ये नसून जेसनमध्ये किंवा टेम्प्लेटमध्ये असेल तर त्याच्या भरवशावर राहू नको, रात्री एकदा सगळ्या टेस्ट चालू दे. आणि त्या हेल्परचं टेन्शन घेऊ नको, तो सगळीकडे येणारच.