फराळ मनसोक्त खायचाय, डाएट न करता. कसं जमवावं?

मुरड_करंजी: घरात माणसं चार. दरवर्षी दोनच गती: एकतर डब्याला हात लावायचा नाही, नाहीतर भाऊबीजेपर्यंत येता-जाता तोंड चालू आणि नंतर नुसतं सूप. दोन्ही नको आहे. बेक केलेली चकली, बिनसाखरेचे लाडू यात काही राम आहे का? आणि सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांचं काय करावं?

पाकातला_रवा: बिनसाखरेच्या बेसन लाडवाच्या फंदात पडू नका. पिठीसाखर फक्त गोडीला नसते, ती तुपाला धरून ठेवते. ती काढली की लाडू चपटा होऊन बसतो. तूप कमी केलं तर बेसन सारखं भाजलं जात नाही आणि लाडू टाळूला चिकटतो.

अर्धा किलो बेसन, २५० ग्रॅम तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर घेतली तर ३० ग्रॅमचे साधारण ३८ लाडू होतात, म्हणजे एकेक सुमारे १५० कॅलरीचा. मंद आचेवर २५-३० मिनिटं भाजा, कोमट झाल्यावरच साखर घाला. गरम असताना घातली तर मिश्रण सैल पडतं. चौघांना याचा निम्मा घाणा पुष्कळ. साखरेऐवजी गूळ घातल्याने कॅलरीत फारसा फरक पडत नाही. चवीसाठी घालायचा तर जरूर घाला.

झारा: बेक केलेली चकली बाहेरून दगड आणि आत पिठूळ होते. ती खुसखुशीत करायला मोहन (पिठात घालायचं गरम तेल) वाढवावं लागतं, म्हणजे वाचवलेलं तेल मागच्या दाराने परत आत. त्यापेक्षा नीट तळा. ४ वाट्या भाजणीला ४ मोठे चमचे कडकडीत तेल पुरे. जास्त झालं तर चकली तेलात हसते, म्हणजे विरघळून सुटते. पिठाची गोळी तेलात टाकली की लगेच वर आली पाहिजे. तळाशी रेंगाळली तर तेल थंड आहे आणि चकली तेल पिणार. एका वेळी ४-५ च सोडा. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा आणि चाळणीत उभ्या लावा, आडव्या रचू नका.

चिवड्याला पातळ पोहे घ्या. अर्धा किलोला अर्धी वाटी तेलाची फोडणी पुरते. तळणीचे पोहे त्याच्या कितीतरी पट तेल पितात. कढीलिंब आणि मिरची कुरकुरीत झाली नाही तर सगळा चिवडा सादळतो.

कारीट: खाण्याची रीत जुनीच बरी. अभ्यंगस्नानानंतर ताटलीत १ लाडू, २ चकल्या, मूठभर चिवडा, १ करंजी. ही न्याहारीच, न्याहारीवर आणखी फराळ नव्हे. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला पोहेच मुख्य असतात: दूधगुळाचे, ताकातले, बटाट्याचे. त्यांनी पोट भरतं आणि तळणीचं आपोआप बेताचं होतं.

संपवण्याचा क्रम लावा. ओल्या नारळाच्या करंज्या एक-दोन दिवसांत, मग रव्याचे लाडू. चकली, शंकरपाळे, चिवडा आणि बेसन लाडू थांबतात. "खराब होईल" म्हणून तोंडात कोंबायची वेळ येत नाही. लोकांकडे आग्रह झाला तर "बांधून द्या" म्हणा, यजमानही खूश.

मुरड_करंजी: मग यंदा अर्धा घाणा. सासूबाईंचं राहिलं.

पाकातला_रवा: त्यांना रिकाम्या पोटी गोड नको. जेवणात एक पोळी कमी करून त्याच जेवणासोबत अर्धा लाडू. गूळ किंवा खजूर घातला म्हणून सूट मिळत नाही, साखर त्यानेही वाढते. लाडवासाठी जेवण टाळायचं नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गोळीचं प्रमाण घरच्या घरी बदलू नका, दिवाळीआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

झारा: आणि चकली चालते म्हणून चार देऊ नका. भाजणीत साधारण निम्मा तांदूळच असतो.