ओक्लाहोमातील फीडर वासरे : डिसेंबरच्या लिलावात विकावीत की मार्चपर्यंत राखावीत?

धागाकर्ता : शरदात दूध तोडलेली, पुढे फीडलॉटमध्ये खुराकावर जाणारी वासरे लहान पशुपालकाने डिसेंबरच्याच लिलावात उभी करावीत, तेजीच्या आशेवर राखू नयेत, असे माझे ठाम मत आहे. 1 जानेवारी 2025 रोजी अमेरिकेतील गुरांची संख्या 8.67 कोटींवर, म्हणजे 1951 नंतरच्या नीचांकावर आली होती, आणि जखमेत पडणाऱ्या स्क्रूवर्म अळीच्या भीतीने मेक्सिकोतील वासरांची आवक मे महिन्यात पुन्हा थांबवण्यात आली. त्यामुळे टंचाई भाव वर नेतच राहील असे अनेकांनी गृहीत धरले. तरीही ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनाचे गोमांस अधिक आणण्याची भाषा राष्ट्राध्यक्षांनी करताच वायदेबाजारातील गुरांचे भाव घसरले, आणि नोव्हेंबरात नेब्रास्कातील लेक्सिंग्टनचा मोठा कत्तलखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले. कुरणातले एकही वासरू वाढले नव्हते, भाव मात्र हलला.

प्रतिसाद 1 : मी पूर्णपणे असहमत आहे, कारण आपण फक्त भाव पाहत आहात, वजन पाहत नाही. समजा, 500 पौंडांचा गोऱ्हा पौंडाला 4 डॉलरने 2,000 डॉलरला जातो. हिवाळी गव्हाच्या कुरणावर रोज सुमारे 2 पौंडांनी वाढून तो शंभर दिवसांत 700 पौंडांचा झाला, आणि जड वासराला पौंडामागे भाव कमी म्हणून 3.50 डॉलरच मिळाले, तरी 2,450 डॉलर येतात. वाढलेल्या प्रत्येक पौंडाचे सव्वादोन डॉलर झाले. पाऊस वेळेवर पडून गहू चांगला आला असेल, तर हे उत्पन्न सोडणे मला परवडणारे वाटत नाही.

प्रतिसाद 2 : हाच हिशेब भाव दहा टक्क्यांनी उतरला असे धरून करावा. 3.15 डॉलरने 2,205 मिळतात. वाढीव पौंडाला जेमतेम एक डॉलर पडतो, आणि त्यातून कुरणाचे भाडे, औषधे व मरतूक भागवायची असते. शिवाय धान्यासाठी राखलेल्या गव्हाची कांडी पोकळ होऊ लागली की मार्चच्या सुमारास सर्वांनाच गुरे बाहेर काढावी लागतात, त्यामुळे एकाच वजनाची आवक एकाच वेळी बाजारात येते. ज्यांना राखायचीच आहेत, त्यांनी केंद्र सरकारच्या अनुदानातील पशुधन भावविमा घ्यावा. त्याचा किमान कालावधी 13 आठवडे आहे, आणि भाव चढला तर विक्रीचा लाभ आपलाच राहतो.

धागाकर्ता : विम्याची सूचना योग्य आहे, परंतु तो शिकागोच्या वायदेबाजारातील फीडर वासरांच्या सरासरी भावाच्या निर्देशांकावर चालतो, आपल्या वासराला रिंगणात मिळालेल्या बोलीवर नाही. खरेदीदाराला सुमारे 50,000 पौंडांचा ट्रक सारख्या वासरांनी भरायचा असतो, म्हणून आठ-दहा मिश्र वासरे आणणाऱ्याला तेजीतही कमी बोली लागते. ही तूट निर्देशांकात दिसत नाही. त्यामुळे माझा आग्रह असा की दूध तोडून किमान 45 दिवस झालेली, लसीकरण पूर्ण असलेली वासरे शेजाऱ्यांशी मिळून एकाच वजनगटात लावावीत आणि डिसेंबरमध्येच विकावीत. ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता नाही आणि गहू स्वतःचा आहे, त्याने मार्चपर्यंत थांबण्यास माझी हरकत नाही.