स्वस्तातला परदेश प्रवास : हमखास होणाऱ्या फजित्या आणि त्यांची कारणं (अनुभव धागा)

मुलुंड चेकनाक्यापासून पनवेलपर्यंत आपल्या भागातले कितीतरी लोक हल्ली टूर कंपनीशिवाय, स्वतः तिकिटं शोधून परदेशी जातात. परत आल्यावर ज्या फजित्या हसत हसत सांगितल्या जातात, त्या बहुतेक सारख्याच असतात. स्वस्त तिकिटात एरवी कंपनीने केलेली बरीच कामं आपल्यावर येतात आणि ती कामं कुठली हे कुणी सांगत नाही, त्यामुळे पाय घसरतो तो ठरलेल्या जागीच. म्हणून हा धागा. विनंती एवढीच की ‘आम्ही गेलो तेव्हा’ नको. गाडं कुठे अडतं, का अडतं, केवढ्याला पडतं आणि काय केलं की अडत नाही, ते लिहा. कंपन्यांची नावं घेऊन उणीदुणी नकोत. प्रत्येकाने उत्तराच्या वर आपल्या भागाचं नाव टाका.

सुरुवात तारखेपासून करतो. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर घर सोडायचं ते १४ तारखेला, रात्रीचं जेवण आटोपून. १५ च्या रात्री पोचणाऱ्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. अशा वेळी तिकिटाचे पैसे जातातच, शिवाय जाणं-येणं एकाच तिकिटावर असेल तर पहिला टप्पा चुकल्यावर परतीचाही रद्द होऊ शकतो. तिकीट काढल्या क्षणी फोनच्या कॅलेंडरमध्ये १४ तारखेला रात्री आठची आठवण लावावी, १५ ची नाही. हॉटेललाही हाच हिशोब. सकाळी सहाला उतरणाऱ्याला खोली दुपारी दोनला मिळते, तोवर सामान ठेवून घेतात का हे आधी विचारून घ्यावं.

दुसरं, नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. तिकिटावर ‘मुंबई’ वाचून थांबू नका, कोड बघा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलवे. देशातल्या दुसऱ्या शहरातून एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून परदेशी निघायचं असेल, तर मध्ये खाडी आणि सायन-पनवेलची गर्दी आहे हे लक्षात ठेवून निदान पाच-सहा तासांची फट ठेवा.

*पाचपाखाडी*

सहारच्या टी-२ टर्मिनलसाठी ठाण्याहून टॅक्सीच हवी असं नाही. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो ३ मध्ये बदललं की पुढचंच स्टेशन टी-२. संध्याकाळी ठाण्याहून घाटकोपरकडे जाणं गर्दीच्या उलट दिशेचं, त्यामुळे ट्रॉली घेऊन डब्यात शिरता येतं. रात्री उशिरा आणि पहाटे मेट्रो बंद असते, हे परतीच्या वेळी ध्यानात ठेवा.

*ऐरोली*

सात किलोंबद्दल सविस्तर लिहिते, कारण काउंटरवर बॅगा उघडून कपडे अंगावर चढवणारी माणसं दिसतात ती सगळी या एका आकड्यापायी.

आग्नेय आशियातल्या स्वस्त विमानसेवांत केबिनचे सात किलो बहुधा मोठी बॅग आणि खांद्यावरची पिशवी मिळून असतात. माप साधारण ५६ × ३६ × २३ सेंटीमीटर, तेही चाकं आणि मूठ धरून. आता वजन मांडा. कडक कवचाची ट्रॉली रिकामीच २.८ किलो. लॅपटॉप आणि चार्जर १.८ किलो. म्हणजे कपडे, औषधं, खाणं सगळं मिळून उरले २.४ किलो. त्याऐवजी ९०० ग्रॅमची कापडी सॅक घेतली तर तिथेच जवळजवळ दोन किलो सुटतात. माझ्या मते स्वस्त प्रवासात याहून किफायतशीर खरेदी नाही. सर्वांत जाड जीन्स आणि बूट अंगावर घालून जावेत, बुटांचा जोड सहज किलोभर भरतो.

घरी वजन करताना नुसती बॅग काट्यावर ठेवू नका. बॅगेने आकडा झाकला जातो आणि ती काठावर टेकली की वजन कमी दाखवतं. आधी एकटं उभं राहावं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करावी. यातही दोन-चारशे ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून घरून निघताना ६.५ वर थांबायचं. हूकचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो परतीसाठी बरोबर ठेवावा. खरेदी परतीलाच होते ना!

जास्तीचं वजन लागणारच असेल तर तिकीट काढतानाच घ्या. नंतर ऑनलाइन घेतलं तर महाग, काउंटरवर त्याहून महाग आणि गेटवर सर्वांत महाग. दोघांसाठी एकाच पीएनआरवर २० किलोंची एक बॅग पुष्कळ होते.

*नौपाडा*

खाण्याचं मी लिहितो. आपल्या बॅगा अडतात त्या बहुतेक डब्यांमुळे.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानात चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. स्कॅनरवर वाटी दिसली की बॅग बाजूला निघते आणि उघडायला तुम्हाला बोलावतात.

खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत आहे आणि प्रकरण थेट तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. नुसती पुडी काढून भागत नाही. अनारशाच्या एका बाजूला चिकटलेली असते ती खसखसच, आणि बऱ्याच घरच्या गोड्या मसाल्यात, मालवणी मसाल्यात ती भाजून घातलेली असते. दुबईला दिवाळीचा फराळ नेताना अनारसे घरीच ठेवा. चकली आणि शंकरपाळे न्या.

युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप गेलं. न्यूझीलंडला कुठलाही खाद्यपदार्थ अर्जावर जाहीर करायचा. धोक्याच्या वर्गातला पदार्थ न सांगता सापडला तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, दंड नाही. शंका असेल तिथे ‘हो’वर खूण करा.

लोणच्याचं तेल का सांडतं? उडताना विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्या पाऊणपट होतो. बरणीतली रिकामी जागा जितकी मोठी, तितकी तिथली हवा फुगून आडव्या बरणीतलं तेल झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. बरणीच नको. जाड पाउचमध्ये भरून, दाबून सगळी हवा काढून, तोंड गरम करून चिकटवायचं आणि वर दुसरी झिपची पिशवी. आणि हे चेक-इन सामानात, केबिनमध्ये नाही.

*नेरूळ*

बॅगेत घरची किटली घेणाऱ्यांसाठी. युरोप, आखात, थायलंड, सिंगापूर इथे आपल्यासारखाच २२०-२४० व्होल्टचा पुरवठा आहे, तिथे प्रश्न फक्त प्लगचा. आपली पातळ दोन पिनांची पिन युरोपात बसते. किटलीची तीन गोल पिनांची बसत नाही. मलेशिया, सिंगापूर, अमिराती, ब्रिटन इथे तीन चौकोनी पिना. ॲडॉप्टर घेताना त्यावर किती अँपियर लिहिलंय ते वाचा. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपियर खेचते आणि कित्येक स्वस्त ॲडॉप्टरचा फ्यूज सहाचाच असतो. अशाने तो तापतो आणि उडू शकतो.

जपानची गोष्ट वेगळी, तिथे १०० व्होल्ट. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. व्होल्ट २३० वरून १०० वर आले की किटलीची ताकद वर्गाच्या हिशोबाने घटते, १५०० वॅटच्या जागी जेमतेम २८५. अर्धा लिटर पाणी आपल्याकडे पावणेदोन मिनिटांत उकळतं, तिथे सव्वानऊ मिनिटं, आणि वाटेत निवतं ते वेगळंच. लोकांना वाटतं किटली बिघडली. ती धडधाकट असते. तिथल्या बहुतेक खोल्यांत किटली असतेच, तुमची घरी ठेवा.

*कोपरखैरणे*

त्या उकळत्या पाण्यावर पोट भरायचं असेल तर उपम्याचं मिश्रण. अर्धा किलो रवा, पाच मोठे चमचे तेल. तेलात मोहरी, हिंग, उडीद डाळ, मिरची आणि कढीपत्ता. मिरची-कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत तळायचा, हातात घेतला की चुरा झाला पाहिजे. थोडाही ओलावा राहिला तर चार दिवसांत वास येतो. मग रवा घालून मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा, मीठ-साखर घाला आणि *पूर्ण* गार झाल्यावरच पिशवीत भरा. कोमट भरलं तर आत वाफ धरते आणि गोळे होतात. एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या खळखळतं पाणी, घट्ट झाकण, सात मिनिटं. नेरूळकरांनी लिहिलेल्या जपानी हिशोबात पाणी नुसतं गरम असलं तर रवा कच्चा राहतो, हे विसरू नका.

फोडणी मात्र खोलीत करू नका. छतावरचा धुराचा सेन्सर तेलाचा धूर आणि दाट वाफ यांत फरक करत नाही. एका खोलीत वाजला तर अख्खी इमारत रस्त्यावर येते आणि अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल पाहुण्याच्या नावावर लागू शकतं. किटलीसुद्धा सेन्सरच्या खाली नाही, खिडकीपाशी लावावी.

*खारघर*

दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. तिकिटं वेगळी असली की बॅग पुढे आपोआप जात नाही. मधल्या शहरात इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, पुन्हा चेक-इन करायचं. बाहेर यायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा. लंडनचा व्हिसा आहे पण युरोपातल्या मधल्या थांब्याचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) नाही, अशा माणसाला मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत.

विमानतळही तोच आहे का पाहा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन आहेत (पुढचं तिकीट दाखवणाऱ्यांना मधली बस फुकट), इस्तंबूलला एक युरोपच्या बाजूला, एक आशियाच्या. ‘पॅरिस बोवे’ नावाचा विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. तिकिटात वाचलेले पैसे बसमध्ये जातात.

शेंगेन व्हिसावर ‘एंट्री ०१’ असेल तर मध्येच लंडन, आयर्लंड किंवा सर्बिया पाहून परत आत येता येत नाही. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आलेत. रात्री साडेअकराला उतरलात तरी व्हिसाच्या दिवसांत तो दिवस पूर्ण मोजतात.

थायलंडचं टीडीएसी, मलेशियाचं एमडीएसी आणि सिंगापूरचं अरायव्हल कार्ड हे प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म, तिन्ही फुकट, तिन्ही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही.

*कळवा*

नावाचा घोळ खास आपल्याकडचा. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेक मराठी माणसांचं स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. तिकिटावर किंवा ई-व्हिसावर मधलं नाव गाळलं की दोन कागद जुळत नाहीत. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर असं झालं तर दुरुस्ती नाही, नवा अर्ज आणि पुन्हा २५ डॉलर. पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, तिथलं नाव जसंच्या तसं उतरवा. पासपोर्टवर एकच नाव असेल आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर पर्यटक म्हणून अमिरातीला जाताना अडतं, हा नियम नोव्हेंबर २०२२ पासूनचा. तो पासपोर्ट आधी दुरुस्त करा, तिकीट मागाहून.

*वाशी*

पैशांचं थोडक्यात. कार्डाचा परदेशी वापर ॲपमध्ये चालू करा, तो मुळात बंद असतो. मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारलं तर नेहमी स्थानिक, रुपयांतला भाव दुकानाच्या बाजूने ठरतो. थायलंडमध्ये एटीएम दर वेळी साधारण २२० बाट कापतं. २,००० काढले तर ११ टक्के गेले, २०,००० काढले तर १.१. डॉलर नेताना शंभराच्या कोऱ्या नोटा. घडीवर फाटलेली, शाईचा डाग पडलेली नोट व्हिएतनाम-कंबोडियात कुणी घेत नाही. ओटीपीसाठी भारतीय सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंग चालू, डेटा बंद.

*घोडबंदर रोड*

इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून ठसा घ्यावा लागतो. आपल्याकडे लोकलची कूपनं होती, अगदी तसंच. ठशाशिवायचं तिकीट म्हणजे विनातिकीट. जर्मनीत स्टेशनवर फाटक नसतं, म्हणून तिकीट लागत नाही असा समज होतो. पकडल्यास ६० युरो.

*माजिवडा*

एक प्रश्न. ठाण्याच्या मर्फी आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना व्हिएतनामला स्कूटर चालवायला पुरतो का? भाड्याने देणारे काही विचारत नाहीत म्हणे.

*घणसोली*

नाही पुरत, दादा. आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. भाड्याने देणारा विचारत नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते आणि दवाखान्याचं बिल तुमच्यावर येतं. थायलंडला आपला चालतो, मात्र मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद हवी. फॉर्म ४-ए, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. गाडी घेताना पासपोर्ट अनामत देऊ नका, रोख द्या, आणि चारही बाजूंचे ओरखडे मालकाच्या देखत फोनवर चित्रित करून घ्या.