"नव्वद टक्के झालं" हे उत्तरच नाहीये, अर्न्ड व्हॅल्यू मोजायची तर ०/१०० नेच मोजा

मकरपुरा प्लॅनर

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपचं प्लॅनिंग बघतो, चौदा वर्षं झाली. दर सोमवारी साडेनऊला रिव्ह्यू आणि दर सोमवारी प्रॉडक्शनकडून तेच ऐकायचं, "नेवुं टका थई गयुं छे साहेब, खाली थोडुं बाकी छे." हे थोडुं बाकी मागच्या वर्षी एका जॉबवर अकरा आठवडे चाललं. अकरा सोमवार नव्वद टक्के. शेवटी शेठनी मलाच विचारलं, तू काय लिहितोस रे त्या शीटमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आजपर्यंत जेवढं काम व्हायला हवं होतं त्याचं बजेट म्हणजे पीव्ही, खरंच जेवढं झालं त्याचं बजेट म्हणजे ईव्ही, हीच अर्न्ड व्हॅल्यू, आणि खिशातून गेले ते एसी. ईव्ही भागिले एसी केलं की सीपीआय, एकच्या खाली गेला तर पैसे जास्त जातायत. एकूण बजेटला सीपीआयने भागलं की शेवटी किती खर्च होईल त्याचा अंदाज, ईएसी. पीव्ही प्लॅनमधून येतो, एसी अकाउंट्समधून येतो, भानगड सगळी ईव्हीत आहे, कारण "खरंच जेवढं झालं" हे ठरवणार कोण?

आत्ताचाच जॉब घ्या. सहा प्रेशर व्हेसल्स, म्हणजे दाब सोसणाऱ्या स्टीलच्या टाक्या, प्रत्येकाचं बजेट १० लाख, एकूण ६० लाख. आजपर्यंत खर्च ३६ लाख. दोन पूर्ण, चार अर्धवट पडलीयत बे मध्ये. प्रॉडक्शन म्हणतं सरासरी ६० टक्के झालं, म्हणजे ईव्ही ३६ लाख, सीपीआय बरोबर १, सगळं छान. ५०/५० लावलं, म्हणजे काम सुरू केलं की अर्धे आणि संपलं की उरलेले अर्धे, तर २० अधिक चार पंजे २०, ईव्ही ४० लाख आणि ईएसी ५४ लाख, म्हणजे उलट आपण पैसे वाचवतोय! २०/८० ने ईव्ही २८ आणि ईएसी ७७ लाख. आणि ०/१०० ने, संपलं तेच मोजायचं, ईव्ही २० लाख, ईएसी १ कोटी ८ लाख.

शॉप तेच, प्लेट तीच, वेल्डर तेच. ५४ लाख ते १ कोटी ८ लाख. माझं म्हणणं एवढंच आहे की यातला एकच आकडा कुणाच्या तोंडावर अवलंबून नाहीये, तो म्हणजे ०/१००. संपलं की नाही, हो की नाही, बास.

शेल अँड ट्यूब

मी प्रॉडक्शनमध्ये आहे, वाघोडियाकडे, त्यामुळे राग आला तर माफ करा पण लिहिणार. चार व्हेसल्सवर तुमच्या शॉपची पोरं राबली, शेल, म्हणजे बाहेरचे सिलिंडर, उभे राहिले आणि तुम्ही लिहिणार शून्य? शून्य तर तेव्हापण होतं जेव्हा प्लेट ट्रकमधून उतरली नव्हती! दोन्हीत काही फरकच नाही का.

आणि ०/१०० लावलं की शॉपमध्ये काय होतं ते प्लॅनिंगच्या एसी केबिनमध्ये बसून दिसत नाही. सगळे सोप्या व्हेसलवर तुटून पडतात, कारण महिनाअखेरला ते संपेल आणि शीट हिरवी दिसेल. ज्याला उशीर झाला तर कस्टमर एलडी, म्हणजे उशिराचा दंड, कापणार ते कोपऱ्यात तसंच. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मकरपुरा प्लॅनर

@शेल अँड ट्यूब मान्य, पण मग काम बारीक करा ना भाऊ. दहा लाखाचं एक अख्खं व्हेसल हे एक काम धरलं तर शून्य टोचणारच. पंधरा दिवसांच्या वर काम ठेवूच नका. आणि केबिनचा एसी गेल्या मे पासून बंद आहे.

आकडेमोड

दोघंही अर्धं बोलताय.

पहिली गोष्ट प्लॅनर साहेबांना. ०/१०० वाईट नाही पण ते अशा कामाला असतं जे एकाच रिपोर्टिंग पिरियडमध्ये सुरू होऊन संपतं. ५०/५० दोन पिरियडच्या कामाला. तुम्ही तीन-चार महिन्यांच्या व्हेसलला ते लावलंत आणि मग आकडे वेडेवाकडे आले म्हणून दाखवताय, येणारच. थर्मामीटरने वजन केल्यासारखं आहे ते. दुसरं म्हणजे मोजायची पद्धत काम सुरू व्हायच्या आधी ठरवतात आणि पीव्हीसुद्धा त्याच पद्धतीने काढतात. मध्येच बदलली तर शेड्यूलचा आकडा, एसपीआय म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही, त्याला काही अर्थ उरत नाही. तुम्ही एसपीआय लिहिला नाहीत हे बरं केलंत, नाहीतर अजून एक घोळ.

लांब कामाला वेटेड माइलस्टोन, म्हणजे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेले टक्के. तुमचंच व्हेसल घ्या: प्लेट कटिंग आणि रोलिंगला २०, शेलच्या सीम (जोड) वेल्ड होऊन आरटी, म्हणजे वेल्डचा एक्स-रे, क्लिअर झाल्यावर ३०, नोझल (पाइप जोडायची तोंडं) २०, हायड्रो, म्हणजे पाणी भरून दाबाची टेस्ट, २०, पेंट आणि डिस्पॅच १०. समजा चारपैकी दोनांचं शेल क्लिअर झालंय आणि दोन नुसती रोल झालीत. २० अधिक १० अधिक ४, ईव्ही ३४ लाख. सीपीआय ०.९४, ईएसी साडेत्रेसष्ट लाख. मला विचाराल तर हा त्या शॉपचा खरा फोटो आहे, थोडे पैसे जास्त जातायत, आग लागलेली नाही.

"आरटी क्लिअर झाल्यावर" हे मुद्दाम लिहिलंय. वेल्ड झाल्यावर मार्क दिले आणि फिल्ममध्ये पोरोसिटी (बारीक छिद्रं) निघाली तर दिलेले मार्क परत घ्यावे लागतात आणि कोणी घेत नाही. कागद हातात आल्याशिवाय माइलस्टोन नाही.

शेल अँड ट्यूब

हे पटलं. फक्त २०-३०-२० हे ठरवलं कोणी? तेपण तोंडीच ना.

आकडेमोड

तासांवरून. मागच्या पाच-सहा जॉबचे टाइम कार्ड काढा, रोलिंगला एकूण तासांतले किती गेले ते बघा. टाइम कार्ड नसतील तर हो, तोंडीच, पण एकदाच तोंडी आणि सगळ्यांच्या समोर. दर सोमवारी नवीन नाही.

निवृत्त एमबीवाला

पोरांनो, मी कलाभवनातून सिव्हिल केलं आणि छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत मेजरमेंट बुक भरलं. तुम्ही ज्याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणताय ते आम्ही इंग्रजांच्या काळापासून करत आलोय, फक्त इंग्रजी नाव नव्हतं दिलं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, रेट लावा, झालं. किती टक्के हा प्रश्नच नाही, किती घनमीटर हा प्रश्न. आपल्या इथून बुलेट ट्रेनची लाइन बांधतायत तिची प्रगती सांगतात तेव्हा किती पिअर (खांब) उभे राहिले, किती किलोमीटर व्हायाडक्ट (उंचावरचा पूल) झाला असंच सांगतात ना. मोजता येतं ते मोजा, विषय संपला.

शेल अँड ट्यूब

काका नमस्कार. पाइपिंगला आम्हीपण इंच-डाया मोजतो, म्हणजे जॉइंट गुणिले साइज. पण गंमत बघा, ८० टक्के इंच-डाया शॉपमध्ये खाली बसून रोटेटरवर होतात, शेवटचे २० टक्के साइटवर, हवेत लटकून, टाय-इन म्हणजे चालू लाइनला जोड, तोपण प्लँटचं शटडाऊन मिळेल तेव्हा. एक इंच तो आणि एक इंच हा सारखा कसा? तुमच्या घनमीटरचंपण तेच असणार, जमिनीतलं काँक्रीट आणि चौथ्या मजल्यावरचं काँक्रीट.

निवृत्त एमबीवाला

त्याला रेट वेगळा असतो बाळा. प्लिंथच्या (जोत्याच्या) वर लिफ्टचा, म्हणजे माल वर चढवायचा, एक्स्ट्रा लागतो. तुम्ही सगळ्या इंचांना एकच रेट लावता हा तुमचा दोष, टेपचा नाही.

सीए रावपुरा

मी इथे वाट चुकून आलोय पण एक बोलतो. तुम्ही सगळे ईव्हीवर भांडताय आणि एसी देवानं दिल्यासारखा धरून चाललाय. ते ३६ लाख टॅलीतून आले ना? त्यात सहाही व्हेसल्सची प्लेट आहे का?

मकरपुरा प्लॅनर

आहे. एकदमच घेतली पहिल्या महिन्यात, १५ लाखांची. भाव वाढणार होता.

सीए रावपुरा

मग बघा. चार अर्धवट व्हेसल्सच्या प्लेटचे १० लाख खर्चात पडले आणि तुमच्या ०/१०० ने त्याची ईव्ही शून्य. प्लेटचं वेगळं पॅकेज करा, माल इन्स्पेक्ट होऊन स्टोअरला आला की ईव्ही द्या. तेवढ्या एका दुरुस्तीने तुमची ईव्ही २० ची ३० होते आणि सीपीआय ०.५६ चा ०.८३. शेठला १ कोटी ८ लाख सांगितलेत ते बरेचसे प्लेट आधी घेतल्यामुळे आणि तो तर शहाणपणाचा निर्णय होता.

याच्या उलटंपण होतं. लेबर कॉन्ट्रॅक्टर बिल देतो दीड महिन्याने, काम झालं, ईव्ही मिळाली, खर्च टॅलीत नाही. सीपीआय १.३ आणि सगळे पेढे वाटतात. बिल आलं की तोंडं उतरतात. प्रोव्हिजन टाकत जा, म्हणजे बिल यायच्या आधीच अंदाजे खर्च धरा. आणि आरए बिलाला, म्हणजे काम चालू असताना कस्टमरला लावतो त्या बिलाला, ईव्ही समजू नका, कस्टमर ४० टक्के मटेरियलवर देतो ते त्याच्या पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) अटीने, त्याचा तुमच्या कामाशी संबंध नाही.

गोत्रीची कोडर

सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरूनच काम, क्लायंट बाहेरचा. मी प्लॅनर दादांच्या बाजूने आहे. कोडमध्ये "नव्वद टक्के" हा तर आजार आहे, स्क्रीन दिसते म्हणजे झालं असं वाटतं आणि मग टेस्टिंगला दोन महिने. आमच्याकडे स्टोरी, म्हणजे कामाचा छोटा तुकडा, दोन आठवड्यात संपते किंवा शून्य मार्क. रडतात आधी, मग सवय होते.

मला वेगळाच प्रश्न आहे, लेव्हल ऑफ एफर्टचं काय करता? म्हणजे सुपरवायझर, क्रेन, क्यूए (क्वालिटी तपासणी), सेफ्टी, ज्यांचं काम संपत नाही, नुसतं चालू असतं. त्यांना वेळ गेला की आपोआप मार्क मिळतात, ईव्ही नेहमी पीव्हीएवढीच. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये मॅनेजरने जवळजवळ अर्धी टीम त्यातच टाकली होती आणि रिपोर्ट कायम गुलाबी.

आकडेमोड

@गोत्रीची कोडर हा खरा चोर आहे, बरं झालं काढलंत. ४० लाखाचं खरं काम व्हायला हवं होतं, झालं २० चं, एसपीआय ०.५. त्यात २० लाखाची देखरेख घाला, तिची ईव्ही पूर्ण २०. आता ४० भागिले ६०, ०.६७. काही न करता सुधारणा! देखरेख वेगळ्या ओळीत दाखवा, मिसळू नका. क्यूएचं तर वेल्डिंगला जोडता येतं, वेल्डिंग जेवढं झालं त्या प्रमाणात इन्स्पेक्शनची ईव्ही.

एसपीआयवरून अजून एक, काम कितीही उशिरा संपलं तरी शेवटी ईव्ही म्हणजे पूर्ण बजेट आणि पीव्हीपण पूर्ण बजेट, त्यामुळे एसपीआय १ येतोच. सहा महिने लेट जॉबचा एसपीआय १! वॉल्ट लिपके नावाच्या माणसाने २००३ मध्ये यावर अर्न्ड शेड्यूल काढलं, पैशाऐवजी महिन्यात मोजायचं, आजची ईव्ही प्लॅनप्रमाणे कितव्या महिन्यात यायला हवी होती ते बघायचं. पाचव्या महिन्यात बसून चौथ्या महिन्याची ईव्ही असेल तर ०.८, कळतं तरी.

मांडववाला

एवढं डोकं लावायचं तर व्हेसल कधी बनवणार. अमेरिकन डिफेन्सचं फॅड आहे हे, विमानं बनवणाऱ्यांचं. आमच्या गणपतीच्या मांडवाला कधी सीपीआय लागला नाही.

मकरपुरा प्लॅनर

@मांडववाला फॅड कुठलं, १९६७ पासून चाललंय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तेव्हा ३५ निकष काढले होते, १९९८ मध्ये त्याचं इंडस्ट्रीचं स्टँडर्ड झालं, ३२ चं. आणि विमानांचंच म्हणाल तर त्यांच्या नौदलाचं ए-१२ विमान जानेवारी १९९१ मध्ये रद्द झालं, खर्च हाताबाहेर चाललाय हे आकडे आधीपासून सांगत होते, वरचे लोक गोड अंदाज धरून बसले. आणि मांडवाचं म्हणाल तर मागच्या वर्षी आमच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, मांडवाचंपण नव्वद टक्के झालं होतं, मूर्ती ट्रकवर दारात आणि कमान दीड फूट बुटकी. रात्री दोनला कापली.

मांडववाला

कमान आमचीच होती. पुढे बोला.

शेल अँड ट्यूब

मी कुठेतरी वाचलंय की २० टक्के काम झालं की सीपीआय मग फारसा हलत नाही, १० टक्क्यांच्या आतच राहतो. तसं असेल तर आत्ताच शेठला सांगून टाका ना काय ते.

आकडेमोड

ते अमेरिकन डिफेन्सच्या मोठमोठ्या कॉन्ट्रॅक्टांवरून निघालं होतं. इतर प्रोजेक्टवर तपासलं तेव्हा तसं टिकलं नाही. सहा व्हेसल्सच्या जॉबवर तर एक हायड्रो फेल गेला की तुमचा सीपीआय हलणार.

मकरपुरा प्लॅनर

ठीक आहे, दोन पावलं मागे घेतो. व्हेसलला वेटेड माइलस्टोन, प्लेट वेगळी, देखरेख वेगळ्या ओळीत. पण प्रत्येक माइलस्टोन आतून ०/१०० च राहणार. रोलिंग झालं की २०, अर्धं रोलिंग म्हणजे शून्य. टक्के हा शब्द सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणी काढायचा नाही. आणि संपलं म्हणजे संपलं, त्यावर माझं मत बदललेलं नाही, दोन व्हेसल्स १०० टक्के पूर्ण आहेत यावर तरी कोणाचा वाद नसेल.

शेल अँड ट्यूब

म्हणजे आमचंच ऐकलंत, असू दे. एक विचारू का, त्या दोन व्हेसल्सचं डोसियर गेलं का कस्टमरला? टेस्ट सर्टिफिकेट, आरटीच्या फिल्म, सगळ्यावर इन्स्पेक्टरच्या सह्या?

मकरपुरा प्लॅनर

एकाचं गेलंय. दुसऱ्याचं सहीला आहे. नव्वद टक्के.

सीए रावपुरा

मग ते व्हेसल तुमच्याच नियमाने शून्य. ईव्ही १० लाख, सीपीआय ०.२८, ईएसी २ कोटी १६ लाख. सोमवारी साडेनऊला शेठना तुम्ही सांगता की मी फोन करू?