गोंधळातल्या साथीदारासारखा साथीदार जगात इतरत्र आहे का?

प्रश्न (परभणीहून)
नमस्कार. आमच्याकडे लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ घालतात. चौक मांडून, दिवटी पाजळून, गण आणि देवतांचे आवाहन झाले की नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आख्यान लावतो. मात्र माझे लक्ष नेहमी त्याच्या शेजारच्या साथीदाराकडे जाते, जो मध्येच शंका काढतो, ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारतो, नाईकाचा शब्द उचलून धरतो आणि कथेला पुढे रेटतो. परभणीच्या राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या थोर गोंधळ्यांची नावे आपण आदराने घेतो, पण साथीदाराचे नाव क्वचितच घेतले जाते. इतर देशांच्या कथागायनात अशी भूमिका आहे का? संबळ-तुणतुण्यासारखी वाद्ये कुठे आहेत, हे मला विचारायचे नाही. कथेत बोलणाऱ्या या दुसऱ्या माणसाविषयी विचारायचे आहे.

उत्तर (नांदेडहून)
आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण कोरियातल्या पान्सोरीचे आहे. हातात पंखा घेतलेला एकच गायक उभा राहून सगळी पात्रे साकारतो, गाणे आणि गद्य निवेदन आलटून पालटून करतो, आणि पूर्ण आख्यान कित्येक तास चालते. त्याच्यासमोर ‘बुक’ नावाचा ढोल घेऊन बसलेला वादक, म्हणजे गोसू, ताल तर धरतोच, शिवाय योग्य जागी उत्तेजनाचे उद्गार काढतो. जाणकार श्रोतेही त्यात सामील होतात. हे उद्गार थांबले तर गायकाचा जोर ओसरतो, असे मानतात. ‘आधी गोसू, मग गायक’ अशी तिथे म्हणच आहे, आणि मला ती फार न्याय्य वाटते. पूर्वीच्या बारा आख्यानांपैकी आज पाचच गायली जातात. युनेस्कोने २००३ मध्ये या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाचा मान दिला.

उत्तर (अंबाजोगाईहून)
पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे समाजाचाही विचार करावा. माली, गिनी, गांबिया या भागांत जेली नावाचे वंशपरंपरागत गायक तेराव्या शतकात माली साम्राज्य स्थापणाऱ्या सुंजाताची कथा सांगतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती कोरा असतो: अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणलेले, एकवीस तारांचे वाद्य. २०२४ मध्ये निधन पावलेले मालीचे तुमानी जाबाते हे अशाच घराण्यातले कोरावादक होते. कथा चालू असताना एक जण ओळीगणिक ‘नामू’ असा होकार देत राहतो, आणि त्याच्या होकारावर कथेची लय टिकून राहते. तो आपल्या साथीदारासारखे प्रश्न सहसा विचारत नाही. त्याचे काम शाहिराच्या मागे ‘जी जी’ म्हणणाऱ्या झिलकऱ्याच्या अधिक जवळ जाते. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. कदमराई असोत वा रेणुराई, दोन्ही शाखांचे आपले गोंधळी देवीच्या सेवेत उभे असतात, तर जेली आश्रयदात्याच्या कुळाची कीर्ती गातो.

उत्तर (तुळजापूरहून)
वरील दोन्ही उदाहरणे पटली, पण साथीदार ही कथागायनाची अपरिहार्य गरज आहे, असा निष्कर्ष त्यातून काढू नये. किरगिझस्तानातला ‘मानसची’, म्हणजे ‘मानस’ या महाकाव्याचा गायक, ते कोणत्याही वाद्याशिवाय, एकट्याने म्हणतो. सयाकबाय करालाएव (१८९४–१९७१) या मानसचीकडून उतरवून घेतलेले पाठ पाच लाखांहून अधिक ओळींचे आहेत. म्हणून आपल्याकडे साथीदार आहे, तो परंपरेने विचारपूर्वक घडवलेला आहे, असे मी समजतो. श्रोत्याच्या मनातली शंका तो मोठ्याने बोलतो, त्यामुळे रात्र चढली तरी अंगणातला माणूस कथेत जागा राहतो.

एक विनंती आहे. हल्ली गोंधळाचे ध्वनिमुद्रण होते तेव्हा माइक फक्त नाईकासमोर ठेवतात, आणि साथीदाराचे प्रश्न संबळाच्या आवाजात बुडून जातात. आपण परभणीत असे काही करणार असाल, तर साथीदारासाठी वेगळा माइक जरूर ठेवावा आणि नोंदीत त्याचेही नाव लिहावे.